उजवीकडचा दिवा

दातवाल्या काकांच्या लॅबमध्ये टेबलं तीन होती आणि बसायला माणूस एकच, ते स्वतः. शहरातले दंतवैद्य पेशंटच्या जबड्यांचे साचे पाठवत, काका त्यावरून कवळ्या आणि दाढा करून देत. निम्मं शहर त्यांनी केलेल्या दातांनी चारचौघांत बसून जेवायचं, आणि काका मात्र भिंतीकडे तोंड करून एकटेच डबा संपवायचे.

खिडकीजवळचं टेबल मुलीचं. ती डावखुरी, म्हणून तिथला दिवा उजव्या बाजूला स्क्रूने पक्का केलेला. परदेशातल्या एका लॅबने तिला बोलावून घेतलं, तेव्हापासून त्या टेबलावर कुणी टिकलं नव्हतं. मधल्या काळात दोन कारागीर आले. दोघंही उजव्या हाताचे. हाताची सावली कामावर पडते म्हणून दिवा सरकवायला गेले, तेव्हा काका असे काही खेकसले की एकजण आठवड्याने गेला आणि दुसरा त्याच दुपारी. काका मात्र सगळ्यांना सांगत फिरत, "हल्ली कारागीरच मिळत नाहीत हो!"

कामं तुंबली. दोन डॉक्टरांनी दुसरीकडून दात करून घ्यायला सुरुवात केली. काकांची नजरही दगा देऊ लागली होती. माणूस मिळाला नाही तर लॅबला कुलूप लागणार, हे भिंतीवरच्या पालीलाही कळत होतं. शेवटी काका वकीलबाईंकडे गेले.

"बाहेरच्या देशातला माणूस आणायचा, तर आधी जाहिरात द्यावी लागते," बाई म्हणाल्या. "इथे लायक माणूस मिळाला नाही, असं दाखवल्यावरच पुढचं सगळं."

"ती जाहिरात परदेशात कुणी वाचली तर?"

"इंटरनेटवर असते काका. कुणीही वाचेल."

काकांना नेमकं हेच ऐकायचं होतं. जाहिरातीत त्यांनी एक अट स्वतः घातली: जबड्यातली शेवटची दाढ मेणात कोरून नमुना म्हणून पाठवावी.

नमुने वकीलबाईंच्या ऑफिसात आले. पुढे कुणी वशिल्याचा आरोप करू नये म्हणून बाईंनी नावं काढली, नुसते आकडे चिकटवले आणि डबा काकांकडे धाडला. पहिली दाढ म्हणजे चक्क बटाटा. दुसरी बरी होती, पण ती लावणाऱ्याने रोज आपलाच गाल चावला असता. तिसरी काकांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. दाढेच्या आतल्या कडेला एक बारीक तिरपी खाच होती, अन्न अडकू नये म्हणून. ती खाच काकांनी स्वतः शोधून काढली होती आणि एकाच माणसाला शिकवली होती.

त्या दिवशी त्यांनी बाईंना तिसरा आकडा कळवला आणि खिडकीजवळचं टेबल लख्ख पुसलं. दिवा लागेना, म्हणून नवा बल्ब आणला. केस कापायला गेले, तेव्हा न्हाव्याने विचारलं, "काय काका, आज अगदी खुशीत?"

"पोरगी परत येतेय," काका म्हणाले. बोलून टाकल्यावर त्यांना ते आणखीनच खरं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "तुम्ही निवडलेला मुलगा चांगला आहे हो. तुमच्या मुलीच्याच लॅबमध्ये काम करतो."

"मुलगा?"

"हो, तिथलाच आहे. आता खर्चाचं ऐका. बाहेरचा माणूस ठेवायचा तुमचा स्पॉन्सरचा परवाना, त्याच्या नावाचं प्रमाणपत्र, व्हिसा, वर्षागणिक भरायचा कर, त्याच्या दवाखान्याचे पैसे, तिकीट, माझी फी. यातला एक पैसाही त्याच्या पगारातून कापायचं तुमच्या मनात आणू नका. आणि तो मध्येच सोडून गेला, तर बरंचसं पाण्यात. हॅलो? काका?"

खर्च ऐकून काकांची दातखीळ बसली, असं बाईंना वाटलं.

काकांनी मुलीला फोन लावला.

"खाच तू शिकवलीस त्याला."

"हो, बाबा."

"जाहिरात वाचली होतीस?"

"कितीदा तरी. बाबा, मी येणार नाही. आत्ता नाही आणि इथला करार संपल्यावरही नाही. मला इथे बरं वाटतं. पण आपली लॅब बंद पडलेली मला नाही सहन होणार. म्हणून त्याला शिकवलं."

काकांचा पारा चढला. "म्हणजे तुझ्या मालकाने तुला न्यायला एवढा खर्च केला, आणि आता त्याचा माणूस आणायला मी तेवढाच करू? मधल्यामध्ये दोन्हीकडच्या सरकारांची चांदी!"

ती हसली. मग बहुतेक रडली, फोनवर नीट कळलं नाही.

"जेवलात, बाबा?"

"जेवलो." डबा समोर तसाच होता.

दात भाजायच्या नव्या भट्टीसाठी साठवलेले पैसे काकांनी भरून टाकले. भरताना त्यांना मुलीच्या त्या परक्या मालकाचा विलक्षण हेवा वाटला. त्याचा खर्च वसूल झाला होता.

मुलगा आला. उंच, लाजरा. मुलीने त्याला कामापुरती भाषा शिकवून पाठवलं होतं, तीही तिच्या लकबीसकट. तो "चालेल की, काका" म्हणाला की काका हातातलं काम सोडून वर बघायचे. पहिल्याच सकाळी तो खिडकीजवळ बसला आणि मेण कोरू लागला. उजवा हात, उजवीकडचा दिवा, सावली थेट दाढेवर. मान वाकडी करून, अंग चोरून तो कोरत राहिला.

"अरे, दिवा सरकव की."

"नको, काका. ती म्हणाली, दिव्याला हात लावायचा नाही."

काकांनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला. स्क्रू गंजले होते, एक तर निघता निघेना. मुलगा मदतीला उठला, त्याला त्यांनी खांद्याला धरून खाली बसवलं. दिवा सोडवून डावीकडे आणला, पक्का केला आणि लावला.

"आता दिसतंय?"

"दिसतंय, काका."

उजवीकडे लाकडात चार भोकं उरली होती. बुजवायला मेण हाताशीच होतं. काकांनी ती तशीच ठेवली.