चौकोनभर बॉबिन

भाच्याला वेबसाइट करायला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून, मोडून मोडून शिकला. पहिलं खरं काम मिळालं ते मामाच्या दुकानाचं. शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान. तीन भिंतींना छतापर्यंत खण, आणि कुठल्या खणात काय आहे ते मामा-मामीलाच ठाऊक.

गिऱ्हाईक म्हणजे शिंपी, नाहीतर घरी शिवणाऱ्या बायका. भागाचं नाव कुणाला येत नाही. मोडकी वस्तू काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "ही द्या." म्हणून भाच्याने साइटवर शब्द जवळजवळ ठेवलेच नाहीत. नुसते फोटो. मागे पांढरं, सगळे चौकोन सारखे, फोटोवर बोट ठेवलं की मागणी दुकानात. मामीने पहिल्या झटक्यात सुई मागवून दाखवली, तीही स्वतःच्याच दुकानातून. भाचा हवेत.

दोन आठवड्यांत अकरा पार्सलं परत आली.

"दोऱ्याची बॉबिन बसत नाही. स्क्रू सैल. कापड दाबायचा फूट मोठा," मामा एकेक चिठ्ठी वाचत गेला. "तीस वर्षांत एवढा चुकीचा माल माझ्या हातून गेला नाही, भाचेराव. पुढचा महिना बघतो. त्यात एक जरी परत आलं तरी तुझी साइट बंद."

"लोक भलत्याच फोटोवर बोट ठेवतात, त्याला मी काय करू?"

"माझ्या काउंटरवर बरं नाही ठेवत!"

"भांडत काय बसलाय," मामी म्हणाली. "जाऊन विचार की एखादीला. पाय मोडलेत का?"

तीन पार्सलं एकाच बाईची होती. दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. खिडकीशी मशीन, बाजूला शाळेच्या शर्टांचा ढीग. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळ्या.

"आलास? बघ. चाळीस शर्ट अडलेत तुझ्या पायी."

"मावशी, मागवली कशी ते दाखवता का?"

बाईने फोनवर साइटवरचा बॉबिनचा फोटो उघडला आणि स्वतःची जुनी बॉबिन सरळ काचेवर ठेवली. कडेला कड जुळली.

"तंतोतंत आहे ना? मग आलेली का बसत नाही?"

फोटोतली बॉबिन कारखान्यातल्या मशीनची, चांगली मोठी. चौकोन सुबक दिसावेत म्हणून त्याने प्रत्येक वस्तू चौकोनभर बसवली होती. तिळाएवढा स्क्रू आणि करंगळीएवढा स्क्रू, फोटोत दोघे जुळे भाऊ.

"फोनवर ठेवून माप नसतं हो घेत."

"का? तुझी मामी तेच करते. नमुन्यावर ठेवते, जुळलं की देते."

"खाली मिलिमीटर लिहिले तर?" भाच्याने विचारलं.

"लिही की. वाचणार कोण?" बाई एकीकडे कॉलर मोजत होती. गळ्यातली टेप ओढली, बोट सरकवलं, खडूने खूण केली. बघितलंही नसेल नीट.

"टेप मात्र वाचता तुम्ही."

"टेप वाचायची असते होय? दिसते ती."

भाचा तिच्या गळ्यातल्या टेपकडे बघतच उठला.

पुढचे सहा दिवस तो दुकानाच्या मागच्या खोलीत होता. तीनशे वस्तू, प्रत्येक पिवळ्या टेपवर ठेवायची, कॅमेरा एकाच उंचीवर. बारीक स्क्रू आता चौकोनात एकटाच, कोपऱ्यात टाकल्यासारखा. पांढरं सगळं गेलं. पानभर पिवळं आणि काळे आकडे. त्याला स्वतःलाच बघवेना.

"आधीची देखणी होती रे," मामी म्हणाली.

"होती. पण नुसती देखणी."

शिवणवाल्या बाईने जुनी बॉबिन आपल्या टेपवर ठेवली, फोटोतली टेप बघितली आणि मागवली. ती बसली. पार्सलं परत येईनाशी झाली. मामाने दिलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र एक आलं.

मामाने ते कात्रीने उघडलं. भाचा खणांकडे बघत उभा. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वस्तू बरोबर आहे. मशीनच विकून टाकलं.'

"हे परत आलेल्यात धरायचं का?" भाच्याने विचारलं.

मामा काही बोलायच्या आत फोन वाजला. पलीकडचा माणूस काहीतरी वर्णन करायला लागला, वाकडं आहे, मध्ये भोक आहे.

"थांबा थांबा," मामा म्हणाला. "घरात टेप आहे ना? ती घ्या आणि आमची साइट उघडा."

फोन ठेवून त्याने पार्सलातली वस्तू तिच्या खणात टाकली.

"मशीनच्या पट्ट्यांचे फोटो राहिलेत," तो म्हणाला. "उद्या लवकर ये."