कोंबड्यामागे सुंदरा

टोकावड्याच्या राहीला चित्रांचा भारी नाद. चूल पेटवताना हाताला कोळसा लागला की भाकरी तव्यावर पडायच्या आधी कुडावर एखादं रेडकू उभं राहायचं. सासू सुंदरा रोज कुड सारवायची आणि रोज बोलायची, "सून आणली का रंगारी?"

सेहेचाळीस साली दिवाळीनंतर मुरबाडकडून आलेली मोटार नेमकी त्यांच्या दारासमोर पंक्चर झाली. उतारूंमधल्या एक बाई पाणी मागायला आत आल्या. चंद्रकलाबाई त्यांचं नाव; कल्याणात मुलांसाठी मासिक काढायच्या. कुडावरचं रेडकू पाहिलं आणि तांब्या त्यांच्या हातातच राहिला.

"हे कोणी काढलं?"

राही दाराआड झाली. सुंदराने तिच्याकडे बोट दाखवलं, चोर दाखवावा तसं.

"हात चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण मला चित्रांतून सांगितलेली गोष्ट हवी. एकच माणूस पळताना, पडताना, चिडताना काढायचा आणि दर वेळी तो तोच वाटला पाहिजे. पौषी पुनवेला मी म्हसा गावी मावशीकडे येणार आहे. जत्रेला येशील तेव्हा नमुने घेऊन ये."

मोटार गेली तरी राहीचे पाय जमिनीला लागेनात. लढाई संपली होती, पण कागद अजून मिळत नव्हता. नवरा रघू भात घेऊन मुरबाडच्या गिरणीवर जायचा, त्याने तिथून होऊन गेलेल्या नाटकाच्या जाहिराती आणल्या, मागून कोऱ्या. काजळात डिंक कालवून शाई झाली, बोरू तासून झाला. आता माणूस हवा. रोज डोळ्यांसमोर असणारा, घटकेत चिडणारा, चिडला की पळणारा. घरात तसं माणूस एकच होतं.

गोष्ट जमली. पाहुणे आलेत आणि सुंदरा कोंबडा धरायला निघालीय. कोंबडा पडवीत, कोंबडा माळ्यावर, कोंबडा कौलांवर, मागोमाग सुंदरा. शेवटी ती धपकन पेंढ्यात आणि कोंबडा तिच्या डोक्यावर.

एका दुपारी कणगीमागे लपवलेले कागद सुंदराला सापडले. राही पाण्याची कळशी घेऊन आत आली ती तशीच खिळली. सुंदरा एकेक कागद उजेडात धरून बघत होती.

"ही मी?"

"होय, आत्याबाय."

"हितं नाक माझं हाय. हितं नाय. हितं तर तुझ्या आयशीचं लावलंस."

राहीने वाकून पाहिलं. नाक खरंच माहेरचं होतं.

"आन मी अशी पडंन का, लाकडावानी? चल, दाखवते."

सुंदराने लुगडं खोचलं, अंगणात गेली आणि पेंढ्यात अंग झोकून दिलं. रघू शेतावरून आला तेव्हा त्याची आई पुन्हा पुन्हा पेंढ्यात पडत होती आणि बायको म्हणत होती, "आजून एकदा, हात वर करून."

"काय झालं गो आयेला?" त्याने घाबरून विचारलं.

"गप रे," पेंढ्यातून आवाज आला. "चित्र चाललंय."

दुसऱ्या दिवशी शेजारची लहानी बघायला आली, तिसऱ्या दिवशी अर्धी आळी. कोंबडा काही डोक्यावर बसेना, म्हणून लहानीने सुंदराच्या अंबाड्यात भाताचे दाणे खोवले. मग तो असा बसला की उठेना. सुंदरा मान न हलवता शिव्या घालत होती. हसता हसता राहीचा बोरू उडाला, कागद बाद झाला. तिने नवा घेतला.

पुनवेला सगळे म्हशाला गेले. सुंदरा घोंगडी बघायला थांबली आणि राही एकटीच बाईंच्या मावशीच्या ओटीवर पोचली. तिने गाठोडं सोडून कागद पुढे केले. बाईंनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला. चेहऱ्यावर काही दिसेना. राहीला वाटलं, संपलं. तेवढ्यात बाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले.

शेजारी बसलेल्या मावशीही वाकून चित्रं बघत होत्या. टोकावडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, सुंदरालाही नाही. त्यांची नजर सहज समोरच्या रस्त्यावर गेली.

"चंद्रे," त्या म्हणाल्या, "ती बघ, ही कोंबड्याची बाई तिकडं घोंगडी वढते."

समोर घोंगडीचं एक टोक व्यापाऱ्याच्या हातात होतं, दुसरं सुंदराच्या.

"ती माजी सासू," राही पुटपुटली.

"मावशीने ओळखलं, मग प्रश्नच नाही," बाईंनी डोळे पुसले. "फाल्गुनाच्या अंकात छापते. पुढेही काढत राहा. खाली नाव काय घालू?"

"राही."

"नुसतं राही कसं?" सुंदरा घोंगडी खांद्यावर टाकून ओटीपाशी पोचली होती. "पडली कोण?"

बाईंनी मुकाट्याने कोपऱ्यात लिहिलं: राही-सुंदरा.

परतताना दोघींना सरळ चालवेना. एकीला हसू आवरलं की दुसरीला फुटायचं. जिलबी खाल्ली, ऊस चघळला. मग आयुष्यात कधी पाळण्यात न बसलेल्या सुंदराने राहीचा हात धरला आणि तिला लाकडी पाळण्यात ओढून बसवलं. पाळणेवाल्याने जोर लावला. खाली बैलांचा बाजार, कंदील, रघूचं वर बघणारं तोंड, सगळं गरागरा फिरायला लागलं. सुंदराने डोळे घट्ट मिटले होते.

"थांबवू का त्याला?" राहीने विचारलं.

"नाय," सुंदरा म्हणाली. "जोरात सांग."