मीठगल्लीतले नवे शेजारी

आमचं घर पाडलं नाही, कारण ते फोटोत छान दिसतं. खरंच सांगते. मीठगल्लीत पूर्वी साठ घरं होती, सगळी मासळीच्या कारखान्यात राबणाऱ्यांची. कारखाना बंद पडला, लोकांना नदीपलीकडे नवे फ्लॅट मिळाले, घरं एकेक करून रिकामी झाली आणि बुलडोझर आमच्या फाटकापर्यंत येऊन थांबला. त्यातून टोपीवाला एक मनुष्य उतरला, आमच्या निळ्या खिडक्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे राहू दे. तोंडावळा बरा आहे." जसा काही मुलगी बघायला आला होता मेला.

मग कारखान्याचं हॉटेल झालं. ज्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं डब्यांना झाकणं लावली, तिथे खाली जेवणघर आणि वर बत्तीस खोल्या. होड्या लागायच्या त्या धक्क्यावर लाकडी फळ्या, फुलांच्या कुंड्या, पिवळे दिवे. वसंतात झायीक नदीवर सकाळचं धुकं उतरलं की हॉटेल दिसेनासं होतं, नुसते दिवे अधांतरी राहतात, आणि त्या धुक्यात मला अजून पहिल्या पाळीच्या बायकांचे गमबूट ऐकू येतात. फटक, फटक, फटक. मी दुधाची किटली हातात धरून फाटकात उभी राहते. ही झामाल, ही तिच्यामागे लंगडत येणारी ओरिन, ही उशीर झालेली मी स्वतः. मग धुकं विरतं आणि पांढरे झगे घालून कॉफी पिणारे पाहुणे दिसायला लागतात. त्या झग्यांचासुद्धा राग यायचा मला.

फ्लॅटच्या किल्ल्या आमच्याकडेही येऊन पडल्या होत्या. आमच्या घरात पाहुण्यांना 'जुन्या कामगाराचं घर' दाखवायचं ठरलं होतं. पलंग, चुली, गालिचे सगळं होतं तसं ठेवायचं, फक्त आम्ही नको होतो. मला काही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? सातवा मजला, लिफ्ट, नळाला गरम पाणी. माझे गुडघे गेलेले, हिवाळ्यात गल्लीतल्या नळावरून पाणी वाहून जीव नकोसा व्हायचा. आमचे हे तेलाच्या विहिरींवर, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. जाताना म्हणाले, "रायखान, आईला तूच मनव. माझं ती ऐकत नाही." जसं माझं ऐकते!

माझी सासू, उल्मेकेन आपा, तेव्हा शहाऐंशीची. नदीच्या आमच्या काठाला आशिया म्हणतात आणि पलीकडच्याला युरोप. पाहुणे पुलाच्या मधोमध एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून फोटो काढतात. फ्लॅटचं नाव काढलं की आपा म्हणायच्या, "युरोपात मला कोण ओळखतं?" पण ते नुसतं बोलण्यापुरतं. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

दिवसभर त्या खिडकीपाशी बसून हॉटेलच्या खिडक्या न्याहाळायच्या. एका दुपारी मला हाक मारली.

"सूनबाई, त्या वरच्या खिडकीत काल लाल केसांची बाई होती. आज टकला आहे."

"ती गेली, आपा. हा नवा."

"गेली? न जेवता?"

"हॉटेल आहे ते. लोक येतात, दोन दिवस राहतात, जातात."

"दोन दिवसांत कोण बिऱ्हाड हलवतं गं? काहीतरी खुपलं असेल बिचारीला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी साधं विचारलंसुद्धा नाही, तर माणूस राहील कशाला?"

आमच्यात येरुलिक असतं. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांची चूल पेटायच्या आधी जुन्यांनी त्यांना जेवायला बोलवायचं. ते जेवले की शेजारी झाले; मग मीठमिरची मागा, भांडा, मयताला या. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा नऊ घरी जेवले होते, दहाव्या घरी उलटी झाली. आपांच्या हिशेबी रोज संध्याकाळी बसमधून नवी बिऱ्हाडं गल्लीत उतरत होती आणि कुणी पाणीही न विचारल्यामुळे हिरमुसून निघून जात होती.

आधी मला हसू यायचं. मग ते आटलं. आपा खरंच खंगायला लागल्या. ताट पुढे केलं की म्हणायच्या, "आज आठ बिऱ्हाडं उठली," आणि घास तसाच राहायचा. एकदा मी चिडले. म्हटलं, आपा, सोडा तो नाद, चला फ्लॅटवर. तर माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, साठ घरांतली मी शेवटची. मी उठले की या गल्लीत या म्हणणारं कुणी उरत नाही. एकदा नव्या माणसांना जेवू घालू दे, मग ने कुठे न्यायचं तिथे."

"एकदाच घालायचं. मग फ्लॅटवर यायचं. कबूल?"

"कबूल."

हॉटेलचा मॅनेजर दिआस, पोरसवदा, गोड बोलणारा. सगळं ऐकून घेतलं आणि टाळीच वाजवली. "ताई, काय सुंदर कल्पना! आपण याचा कार्यक्रम करू. 'एक दुपार आजीच्या घरी.' आठवड्यातून दोनदा."

"कार्यक्रम नाही रे बाबा, जेवण आहे."

"हो, पण नोंदणी तर करावी लागेल ना?"

"जेवणाची कसली नोंदणी? भूक लागलेला माणूस नोंदणी करून येतो का?"

तो हसला. म्हणाला, बघतो. तेवढ्यावर आपांचं कुठे भागायला! गुरुवारी पांढरंशुभ्र डोईवस्त्र बांधून त्या स्वतः हॉटेलात गेल्या. मी मागून. लांबच लांब मऊ जाजम, दोन्हीकडे बंद दारं, आणि आपा एकेक दार वाजवत चालल्यात. कुणी उघडलं की छातीवर हात ठेवायच्या, आमच्या घराकडे बोट करायच्या, घास तोंडात घातल्याचं दाखवायच्या. "शनिवारी, बाळा. सगळ्यांनी या." पाहुणे हसत होते, माना डोलवत होते, त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. मला ते सगळं झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं. याच जागी, याच उंचीवर, पूर्वी माशांचे हारे लोंबत सरकायचे.

"सगळे येतो म्हणाले," आपा घरी येऊन म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी भाकरी पूर्ण खाल्ली त्यांनी.

ही मंडळी शुक्रवारच्या बसने जाणार, हे मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. फ्लॅट डोळ्यांसमोर होता ना.

शनिवारी मेंढरू कापलं. मी पहाटेपासून कणीक लाटत होते, अंगणात गालिचे घातले, बाउरसाकचे कणकेचे गोळे तळून परात भरली. धुकं त्या दिवशी दुपारपर्यंत हललंच नाही. आपा गालिच्यावर दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. एक वाजला, दोन वाजले. मटणाचा वास धुक्यात भरून राहिला होता आणि यायला कुणी नाही.

अडीचच्या सुमारास फाटक वाजलं. हॉटेलच्या खोल्या झाडणारी एक मुलगी होती, शिनार तिचं नाव, अंगावर निळा एप्रन.

"मॅनेजर साहेबांनी निरोप दिलाय," ती खाली बघत म्हणाली. "गुरुवारची मंडळी काल गेली. आजची बोटीतून फिरायला गेलीत. त्यांचं जेवण हॉटेलातच आहे."

"सगळी गेली?" आपांनी विचारलं.

"हो, आजी."

आपा नदीच्या दिशेला बघत राहिल्या. तिकडे दिसण्यासारखं काही नव्हतं, सगळं पांढरं होतं. शिनार जायला वळली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तू कुठे राहतेस गं?"

"हॉटेलच्या मागे, आजी. जुन्या बर्फखान्यात. चौदा जणी आहोत आम्ही."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

आपांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तुला ठाऊक होतं?"

ठाऊक होतं. रोज सकाळी नळावर त्या माझ्या पुढेमागे रांगेत असायच्या. "सलाम, ताई" म्हणायच्या आणि मी नाक मुरडून बादली उचलायची. त्या हॉलमध्ये काम मागायला मीसुद्धा गेले होते. वय जास्त म्हणून मला परत पाठवलं आणि या परगावच्या पोरींना ठेवून घेतलं. माझ्या हॉलमध्ये! जळत होते मी, दुसरं काय? पण तेव्हा आपांपुढे मी नुसती मान हलवली.

"सहा महिने माणसं दाराशी राहतायत आणि मी खिडक्या मोजत बसले," आपा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "जा. तू स्वतः जा आणि बोलाव. एकूण एक जणीला."

गेले. बर्फखान्याच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मुलींनो, जेवायला चला. उशीर झाला, रागवू नका." मग एकीने चपला शोधायला सुरुवात केली.

पाळ्या सांभाळत त्या चार-चार, पाच-पाच जणी येत राहिल्या. धुक्यातून आधी पावलं ऐकू यायची, मग एप्रन, मग चेहरा. भटारखान्यातली म्हातारी झुबाइरा आली, फाटकावरचा पहारेकरी आला. आपांनी मेंढराचं डोकं झुबाइरापुढे ठेवलं, मानाचं, तशी ती बाई रडायलाच लागली. मी वाढत होते. मला त्या पावलांत जुनी पावलं मिसळल्यासारखी वाटत होती, कोण आत्ताची आणि कोण तेव्हाची याचा मेळ लागेना, आणि मी तो लावायलाही गेले नाही. कुणीतरी म्हणालं, ताई, तुम्ही पण बसा की. बसले. शेवटी सगळ्यांनी तळहात वर केले आणि आपांनी आशीर्वाद दिला, गल्लीतली माणसं गल्लीत सुखी राहोत म्हणून.

रात्र पडायच्या आत आपा उठल्या, गुडघ्यांवर हात टेकून. "झालं माझं. आता चल तुझ्या युरोपात."

बुधवारी आम्ही फ्लॅटवर आलो. मी अर्धा तास गरम पाण्याखाली उभी राहिले, कुणाला वाटेल बाई वेडी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आपा आंघोळ करून, पांढरं डोईवस्त्र बांधून, खुर्ची दाराकडे फिरवून बसलेल्या.

"कुठे निघालात आपा?"

"कुठे नाही. बोलावणं येईल ना. आपण नवे इथे." मी पातेलं उचललं तर ओरडल्या, "रांधू नकोस! लोकांनी आपल्यासाठी केलं असेल, वाया जाईल."

चहापावावर दिवस गेला. भिंतीपलीकडून लिफ्टचा आवाज यायचा. ती वर यायला लागली की आपा हात गुडघ्यावर ठेवून उठायच्या तयारीत राहायच्या. लिफ्ट आठव्या मजल्यावर जायची, नवव्यावर जायची. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मांस चांगलं मिळालं नसेल त्यांना." चौथ्या दिवशी डोईवस्त्र पुन्हा धुऊन बांधलं आणि म्हणाल्या, "त्यांना वाटत असेल, ही दोन दिवसांची पाहुणी." मला ते सहन होईना. इथे मीच त्यांना आणलं होतं, हट्टाने.

उठले, समोरच्या दाराची घंटा दाबली. मनात तयारी भांडणाची होती. काही रीतभात आहे की नाही तुम्हा लोकांत, असं ठणकावून विचारणार होते. साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं, गुलाबी गाऊनमधली एक बाई दिसली, माझ्याच वयाची, आणि माझं सगळं अवसान गळालं.

"मी समोरची," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंना जेवायला बोलवाल का? मटण मी आणते. रांधेन मीच, भांडीही घासून देईन. तुम्ही फक्त दारात उभं राहून या म्हणा."

ती हसली नाही. मग दार लावलं, आतून साखळी सरकल्याचा आवाज आला, आणि तिने दार सताड उघडलं.

"मी अरालहून आले," ती म्हणाली. "सतरा महिने झाले. पहिला आठवडाभर मीसुद्धा स्वयंपाक केला नव्हता."