मावशींच्या खोलीतला रविवार

"दार लाव आधी!" मावशींची थोरली नणंद दबक्या आवाजात खेकसली. "कालच सुटून आलीस. पाय बघ, भोपळ्यासारखे सुजलेत."

"असू दे उघडं," मावशी म्हणाल्या. "प्रार्थनेची वेळ झालीय. लोक येतील."

"कोण येणार? जीव काय नकोसा झालाय कुणाला?"

मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायच्या. सरकारने प्रार्थनाघराला कुलूप लावलं, तेव्हापासून पाच-सहा कुटुंबं त्यांच्याच खोलीत जमत. या आठवड्यात पोलीस त्यांना घेऊन गेले. भिंतीशी तासन्तास उभं करून एकच प्रश्न विचारत राहिले, "कोण कोण येतं तुझ्याकडे?"

"मी असते," मावशी म्हणायच्या. "माझंच घर आहे ना, साहेब."

शेवटी कंटाळून सोडलं. पुन्हा कुणी जमलं तर खैर नाही, असा दम देऊन.

नणंद डोक्याला हात लावून बसली. मावशींनी पलंगावर बसल्या बसल्याच गीत म्हणायला सुरुवात केली. आवाज बसलेला होता, मध्येच फाटत होता. पण त्या थांबल्या नाहीत.

जिन्यापलीकडच्या खोलीत शिंप्याने मशीन थांबवलं. यापुढे घरातच गुपचूप प्रार्थना करायची, असं त्याने रात्रीच बायकोला बजावलं होतं. आता तोच उठून कडीला हात घालून उभा राहिला.

"अहो, जाऊ नका," बायको म्हणाली. मग तिनेही कान दिला. जरा वेळाने म्हणाली, "थांबा. मीपण येते."

ती दोघं दारात आली, तेव्हा मावशी दुसऱ्या कडव्यावर होत्या. पाठोपाठ खालचे मास्तर आले, त्यांची लेक आली. खोली भरली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

शिंप्याने घसा खाकरला. "मावशी, आमची नावं...?"

"मला कुठे माहीत आहेत रे तुमची पाळण्यातली नावं? तू शिंपीदादा, ही सूनबाई, हे मास्तर. काय सांगणार होते मी त्यांना?"

सगळे हसले. 

"भीती नाही वाटली?" मास्तरांनी विचारलं.

"वाटली की! देवाला म्हटलं, मला काही धीर धरता येणार नाही, तूच धर. त्याने धरला."

प्रार्थनेला उभं राहायचं म्हणून मावशींनी पलंगाच्या कडेवर हात रोवले. जेमतेम उठल्या आणि परत बसल्या. ते बघून मास्तर गुडघे सांभाळत खाली बसले. मग सगळेच जमिनीवर बसले. नणंदही.

शिंप्याच्या बायकोने पुढे सरकून मावशींचे पाय हलकेच मांडीवर घेतले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी ती बाई डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करू लागली.