डावा गुडघा आणि उंच गाडी

"बाबा, खरं सांगा, तुम्हाला स्वतःला गाडी चालवता येते का हो?"

विचारलं एकदाचं! पैज होती ना. मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातली चष्मीश म्हणाली होती, "तुझ्या बाबांना स्टिअरिंगवर कुणी पाहिलंय का? कायम आपले शेजारच्या सीटवर! विचारून दाखव, मग तुला मानलं." सगळ्या खिदळल्या, आणि मी म्हणाले, त्यात काय, विचारते की!

बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. बावीस वर्षं. अर्ध्या शहराला त्यांनीच गाडी शिकवलीय, पण आमच्या दारात मात्र फक्त आईची स्कूटर.

मला वाटलं, बाबा हसतील, टपली मारतील. पण ते हातातला घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, "रविवारी बघ."

आईने मान वर केली. "म्हणजे ती उंच गाडी बघायला जायचं? की मागच्यासारखं परत यायचं नाकं मुरडत?"

कारण हे गाडी घ्यायचं प्रकरण दोन वर्षं चाललंय. प्रत्येक गाडीत बाबांना काही ना काही खोट सापडते. एकीचा मागच्या काचेजवळचा खांब जाड. दुसरीच्या आरशात धड दिसत नाही. तिसरीचा हॉर्न म्हणे बकरीसारखा!

रविवारी शोरूममध्ये गाडी दाखवायला ज्या ताई आल्या, त्या बाबांना बघून ओरडल्याच. "सर! ओळखलंत का? मी ती, क्लचला घाबरणारी!"

"विसरतोय कसला? पहिले तीन दिवस तुम्ही क्लचला पायसुद्धा लावला नव्हता."

"कारण तुम्हीच दाबत होतात!" मग ताई आमच्याकडे वळल्या. "सरांच्या बाजूलाही पेडल असतात ना. आमची गाडी चौकात बंद पडणार, तेवढ्यात यांचा डावा पाय खाली. आणि आम्हाला वाटायचं, वा, जमलं की आपल्याला!"

बाबा लाजून गाडीच्या मागे गेले. टायर दाबले, दार लावून पाहिलं. "दाराचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतोय. आतलं प्लास्टिकही हलकंच. पण उंची छान आहे, खड्ड्यात पोट घासणार नाही. आणि या किमतीत एवढी ऐसपैस गाडी दुसरी नाही, हे मान्य करायला हवं."

मी तोवर तिसऱ्या रांगेत घुसले होते. "आई गं! गुडघे हनुवटीला लागतायत! इथे फक्त दप्तर बसेल."

"तू दप्तरच आहेस," आई म्हणाली. "मधल्या रांगेत ये. बघ, सोफा आहे नुसता."

आणि मग चक्कर मारायला बाबा स्टिअरिंगवर बसले, ताई त्यांच्या शेजारी. काय सांगू! गिअर कधी बदलला तेही कळत नव्हतं. वळणावर गाडी अशी वळायची, जशी तिची तीच वळतेय. मैत्रिणींना काय काय सांगायचं, ते मी मनात जुळवायलासुद्धा लागले.

पुलाच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. चार हात पुढे, थांब. चार हात पुढे, थांब. गाडीत एसी चालू, तरी बाबांच्या कानामागे घाम. पाचव्या की सहाव्या वेळी त्यांनी हात डाव्या मांडीखाली घातला आणि पाय उचलून क्लचवर ठेवला. हाताने! पुढची गाडी सरकली, आमची एक गचका देऊन बंद पडली.

बाबांच्या हातून. मागून हॉर्नवर हॉर्न.

"या गाडीचा क्लच जरा जडच आहे सर," ताई हळूच म्हणाल्या. "सगळे म्हणतात."

"नाही हो," बाबा म्हणाले. "माझाच गुडघा गेलाय."

"कधीपासून?" आईने विचारलं.

"झाली दोन वर्षं."

म्हणजे तो जाड खांब, तो आरसा, ती बकरी! बाबा म्हणाले, "मास्तरनेच गाडी घ्यायची आणि चालवायला दुसऱ्याला बसवायचं? कसं दिसेल ते?"

जेवताना तो घास हातात का राहिला, ते मला तेव्हा कळलं. इतक्या लोकांचे क्लच दाबून दाबून तो गुडघा गेला होता, आणि मी पैज जिंकत बसले होते.

आई खाली उतरली, पुढचं दार उघडून उभी राहिली. "उतरा."

"वहिनी, लायसन्स?" ताईंनी विचारलं.

"यांच्याकडेच शिकून काढलंय. भावाची गाडी चालवते मी अधूनमधून."

घरी खुर्चीतून उठताना बाबा टेबल धरतात. इथे सीटच एवढी उंच, की ते कशालाही न धरता सरळ उभे राहिले. मी पाहिलं, आईनेही पाहिलं.

ते येऊन माझ्या शेजारी बसले. आईने एकदा गाडी बंद पाडली, "हॉर्न मारा, मारा!" म्हणत मागच्यांवर डाफरली, आणि निघाली. बाबा जरा वेळ तिच्या पायांकडे बघत होते. मग हळूहळू त्यांनी डावा पाय लांब केला आणि काचेतून बाहेर पाहायला लागले.

"अरे, हे पुस्तकांचं दुकान कधी झालं?"

"बाबा! चार वर्षं झाली."

"हो?" ते म्हणाले. "आणि ही गच्चीवरची झाडं?"

सगळा रस्ता ते असंच विचारत होते. रोज दहा वेळा जातात त्या रस्त्यावरून!

शोरूममध्ये ताईंनी सांगितलं, की याच गाडीत क्लच नसलेलं मॉडेल आहे. किंमत ऐकून बाबांनी मान हलवली. "ते नाही झेपणार आपल्याला. राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

"बाबा, थांबा. आई, तू पण ऐक," मी एवढ्या मोठ्याने म्हणाले, की पलीकडच्या टेबलावरचे लोकही वळले. "मी ठरवलंय. हीच गाडी घ्यायची, क्लचवाली. आत्ता आई चालवेल, अठराची झाले की मी. आणि मधल्या रांगेतली खिडकी बाबांची. पाहुणे आले तरी!"