उलटं बसलेलं दार

मासे घरात पाळायचे, ही गोष्टच सगुणाला हसण्यासारखी वाटली. खाडीकाठच्या घरात मासा येतो तो टोपलीतून आणि जातो तो तव्यातून. पण तिच्या नवऱ्याच्या, कमळाकरच्या, बेलापूरच्या कचेरीतल्या साहेबांची बदली झाली, आणि त्यांची तीन फुटी काचेची टाकी टेम्पोतून, कमळाकरच्या मांडीवर बसून, नावड्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आली.

“आता हिच्याकडे बघत जेवायचं?” सगुणा म्हणाली. “ताटात बोंबील आणि समोर हे. त्यांना काय वाटेल?”

“त्यांना मराठी येत नाही,” कमळाकर म्हणाला आणि पाना शोधायला लागला.

हौशी माणसाच्या हातात पाना आला की घरच्यांनी देवाचं नाव घ्यावं. टाकीच्या तळाला काचवाल्याने भोक पाडून दिलं होतं. पाणी बदलताना बादल्या उपसायला नकोत म्हणून कमळाकरने त्याला पितळी कॉक लावला, कॉकखाली अर्ध्या इंची पाइप, तो भिंतीतून गॅलरीत, आणि तिथून इमारतीच्या सांडपाण्याच्या मोठ्या पाइपात. मध्ये एक बोटभर व्हॉल्व्ह, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारा. तो सुचवला खालच्या मजल्यावरच्या मुस्तफाने. मुस्तफा प्लंबर. “हा टाकला नाय तर गटाराचा वास वर येईल, कमळाकरभाई. मला बोलवा, पाच मिनिटाचं काम.” पण पाच मिनिटांचं काम दुसऱ्याकडून करून घेईल तर तो कमळाकर कसला! त्याने अख्खा रविवार घालवला.

टाकीखाली थर्माकोल, तळाला सात वेळा धुतलेली खडी, एअरपंपाची गुरगुर, दिवसभर ठेवून क्लोरीन उडवलेलं पाणी, आणि सहा केशरी मासे. सगळं देखणं झालं. मग मोठ्या ऐटीत त्याने कॉक उघडला. थेंबभर पाणी उतरलं नाही.

“चोकअप असेल,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी बघू.” कॉक तसाच उघडा राहिला.

हे सगळं चाललं तेव्हा सासरे, जोतीराम, भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. आठ महिने ते असेच बसत. जमीन गेलेल्या गावकऱ्यांसाठी बांधलेल्या या नव्या इमारतीत पहिलं पाऊल टाकलं, गॅलरीतून एकदा खाली पाहिलं, आणि त्यांचं बोलणं थांबलं. मग हळूहळू जेवण. डॉक्टर म्हणाले, शरीरात खोट नाही, पण दोन घासांवर हा माणूस दिवाळी बघणार नाही. सगुणाला स्वतःचा बाप आठवत नव्हता, लहानपणीच गेला. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा बाप म्हणजे हाच. रोज ती कालवलेल्या भाताचं ताट त्यांच्यापुढे धरी आणि रोज परत नेई.

त्या रविवारी संध्याकाळी जोतीराम उठले. भिंत धरत टाकीपाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, त्या बोटभर व्हॉल्व्हवर कोरलेल्या बाणावरून अंगठा फिरवला.

“दार उलटं बसवलंस,” ते म्हणाले.

सगुणाच्या हातातली पळी खाली पडली. कमळाकरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा बोलले! काय बोलले, याकडे लक्ष द्यायची शुद्ध दोघांनाही राहिली नाही.

जोतीरामांना दाराची पारख होती. जुन्या गावाच्या खारजमिनीला खाडीचा बांध होता, आणि बांधाच्या पोटात उघाडी म्हणजे झुलतं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर जाई. भरतीला खाडीच ते लोटून बंद करी. गावच्या उघाडीचे राखणदार जोतीराम होते. दार उलटं टांगलं तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या रात्री ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशीही. खुर्ची भिंतीकडून टाकीकडे वळली.

मुस्तफाने येऊन पाइप पाहिला आणि कपाळाला हात लावला. “भाई, बाण उलटा! पानी जानार कसं? खोलतो आणि फिरवतो.”

“राहू दे,” सगुणा म्हणाली.

“अरे, पन वहिनी...”

“उलटं तर उलटं. माणूस जेवायला लागलाय माझा. तू हात लावू नको त्याला.”

पुढे कितीदा तरी तिला हे वाक्य आठवलं.

चतुर्थीच्या दिवशी दुपारी तीनला टाकीतलं पाणी चार बोटं वर आलं होतं. सगुणाला वाटलं, कमळाकरने सकाळी भर घातली असेल. दुसऱ्या दिवशी पावणेचारला पुन्हा तसंच. संध्याकाळी पाणी मूळच्या खुणेवर, खाली उतरायला वाट नसताना. ती हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिली. खाडीकाठच्या पोरीला काही गोष्टी पाढ्यांसारख्या येतात. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चौथ, तीन. पंचमी, पावणेचार. षष्ठीला तिने घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं, आणि साडेचारला बघितलंच. पाणी चार बोटं वर होतं.

अष्टमीपर्यंत सहाही मासे मेले. पाणी गढुळलं होतं. सगुणाने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. घरभर खाजणाचा वास, खारजमिनीतल्या चिखलाचा आणि कुजक्या पेंढ्याचा. एका सकाळी काचेला आतून एक निवटी चिकटली होती, खाडीच्या चिखलात उड्या मारतो तो बटबटीत डोळ्यांचा मासा. ती सगुणाकडे बघत होती.

“मुस्तफा,” तिने जिन्यातून हाक मारली, “जरा बघ रे, खालून गटार वर चढतंय का.”

भरतीच्या वेळी मुस्तफाने तळमजल्यावरचं झाकण काढून मोठ्या पाइपात हात घातला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “वहिनी, खाली पाइप कोरडा हाय. आतलं कोळिष्टक पन जागेवर हाय. मग वर येतंय ते कुठनं?”

आणि खडीत दोन खळगे पडत होते. शेजारी शेजारी, वीतभर लांब, टाचेकडे खोल. कमळाकर रोज खडी सारखी करी. रोज भरतीनंतर ते पुन्हा पडत. “पंपाच्या हवेने होतं,” तो म्हणाला. पंप तिने दोन दिवसांपूर्वीच बंद केला होता, हे तिने त्याला सांगितलं नाही. खळग्यांची बोटं स्वयंपाकघराकडे होती.

जोतीराम मात्र खुशीत होते. जेवत होते, दाढी करून घेत होते. एके दिवशी भरती उतरताना त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“सगुना, ही बिल्डिंग कुठं बांधलीय, ठावं हाय?”

“आपल्याच खाजणावर, बाबा. भराव टाकून.”

“बांधावर. नेमकी खांडीवर. म्या पयल्या दिशीच वळखलं, गॅलरीतनं.” त्यांनी काचेवर तळहात टेकला. “तो खालीच उभा हाय. म्या निघ म्हनलोच नाय त्याला.”

शिवा. तिचा दीर, एकोणीस वर्षांचा, पळत घरात शिरून चुलीपाशी बसकण मारणारा. “वहिनी, वाढ, भूक लागलीय.” तिच्या लग्नानंतरच्या वर्षी उधाणाला बांध फुटला, खांड म्हणजे भगदाड पडलं. तेव्हाची रीत अशी: “खांड!” अशी आरोळी उठली की घरटी एकाने टोपलीभर माती घेऊन धावायचं, मग भांडण असो की सुतक. एका धडधाकट माणसाने खांडीत उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागेपुढे पेंढा-माती लोटायची. उभ्या माणसाने राखणदार “निघ” म्हणेपर्यंत हलायचं नाही. आणि राखणदाराने दोनच वेळी निघ म्हणायचं. बांध धरला तर, नाहीतर त्याच्या जागी दुसरा उतरला तर.

त्या दिवशी शिवा उभा राहिला. बांधाचा वरचा कडा घसरला आणि जोतीरामांच्या तोंडून शब्दच फुटला नाही. पोर हललं नाही. चिखलाने त्याला जागच्या जागी घेतलं. बांध मात्र धरला. त्या वर्षी भात अमाप पिकलं, आणि जोतीरामांनी त्यातला दाणा खाल्ला नाही.

“अमावस्येचं उधान मोठं,” म्हातारा हळूच म्हणाला. “पानी काठाला लागंल. तवा हाक पोचंल.”

“आणि त्याच्या जागी कोण उतरणार?” तिने विचारलं.

जोतीराम हसले. आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

ती तशीच मुस्तफाकडे धावली. त्याने येऊन व्हॉल्व्हला पाना लावला. पाना घसरत राहिला. पाइप हाताला बर्फासारखा लागत होता. पितळी कॉक बंद केला तरी पाणी वेळेवर चढलं, वेळेवर उतरलं. कमळाकर म्हणाला, रविवारी टाकीच काढून टाकू. पण अमावस्या गुरुवारी होती.

अमावस्येला पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सगुणाने सकाळपासून बाबांना नजरेआड केलं नाही. कमळाकर कचेरीत गेला होता. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी गाद्या वाळत होत्या. अकराला कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक करायला जावं लागतं तेवढीच ती आत गेली.

परत आली तेव्हा जोतीराम टाकीवर वाकले होते. पाणी काठाला लागलं होतं, सांडत मात्र नव्हतं. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. टाकी हातभरसुद्धा खोल नव्हती. काचेतून तिला दंड दिसत होता, कोपर दिसत होतं, आणि पुढे खडीच्या जागी नुसता काळोख.

“शिवा,” ते म्हणत होते, “बाला, म्या उतरतो. मंग तू...”

“बाबा!” तिने कमरेला मिठी घालून मागे ओढलं. हलले नाहीत. अंग थंड पडत चाललं होतं, ओठ निळे. कुणीतरी खालून धरलं होतं, का त्यांनीच कुणाला धरलं होतं, देव जाणे. ‘निघ’ हा शेवटचा शब्द तेवढा त्यांच्या ओठांवर उरला होता.

सगुणाने त्यांच्या तोंडावर हात दाबला. मग तिच्या लक्षात आलं की एका बाईच्या हाताने हे थांबणार नाही. बांध कधी एकट्याने धरला नव्हता. ती गॅलरीत धावली, पदर कुठे, केस कुठे, आणि पोटातून ओरडली:

“खांड! खांड पडली वो! धावा!”

समोरच्या गच्चीवरच्या बाईने वेड्याकडे बघावं तसं बघितलं. क्षणभर सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग खालच्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं. मुस्तफाची आई, करिमुन्निसा, गुडघेदुखीने जिने टाळणारी बाई, मोगऱ्याची कुंडी कडेवर घेऊन धापा टाकत वर आली. त्यांचंही शेत त्याच बांधाआड होतं. मुस्तफाचा बाप त्या दिवशी पेंढा लोटत होता.

“कुठं?” ती एवढंच म्हणाली.

सगुणाने टाकी दाखवली. करिमुन्निसाने काचेत पाहिलं, काहीतरी पुटपुटली, आणि मोगऱ्यासकट कुंडी पाण्यात उलटी केली.

वरच्या मजल्यावरच्या गिरजाबाई तुळशीची माती परातीत घेऊन आल्या. “तुळस काढून ठेवलीय, रागावू नका,” त्या म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. मुस्तफाने कुठल्याशा कामावरची रेतीची गोणी पाठीवर आणली. सगुणाने कोथिंबीर लावलेला डबा रिकामा केला. माती पडत होती, पाणी काळं होत होतं, वर मात्र येत नव्हतं. जोतीरामांच्या दंडाभोवती चिखल दाटत गेला.

“बाबा, बघा,” सगुणा त्यांच्या कानाशी म्हणाली. “घरटी एक आलंय. कुणी उतरायची गरज नाही. राखणदार तुम्ही. तुम्हीच सांगा.”

म्हाताऱ्याने डावा हात उचलला आणि चिखलावर तळवा दाबला, पूर्वी बांध दाबून बघत तसा. एकदा. पुन्हा एकदा.

“धरला,” ते म्हणाले. आवाज खरखरीत होता, पण राखणदाराचा होता. “बांध धरला. निघ रं शिवा. निघ, पोरा.”

उजवा हात सुळकन बाहेर आला. सगुणा त्यांना घेऊनच मागे फरशीवर बसली. त्या हाताच्या मनगटावर पाच बोटांचे पांढरे वळ होते.

टाकीत फच् असा आवाज झाला. मग आणखी एकदा. चिखलातून पाय उपसताना होतो तसा. काचेला लागून, मातीत, दोन खोल खळगे उघडे पडले, वरपर्यंत, रिकामे. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वरची माती हळूहळू ढासळून ते बुजले.

करिमुन्निसाने डोक्यावरून ओढणी घेतली. स्वयंपाकघरात कुकर पुन्हा शिट्टी देऊन गप्प झाला.

सगळे गेल्यावर सगुणा फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. सांडलेली माती, मोगऱ्याची पानं. टाकीपासून पुढे चिखलाची पावलं उमटली होती. अनवाणी, तरण्या माणसाची, लांब टाकलेली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती आणि पुढे नव्हती. सगुणाने फडकं बाजूला ठेवलं. पुसवेना.

“सगुना,” जोतीराम खुर्चीतून म्हणाले, “भात झाला ना? वाढ. भूक लागलीय.”

कुणाला, हे तिने विचारलं नाही. तिने फळीवरून दोन ताटं काढली.