मनकर्णेच्या पोटातले पाणी

मित्रांनो, मी एक जुना ओलावा आहे. निजामाच्या राजवटीतल्या सन तेराशे पन्नास फसलीपासून बोरी गावातल्या एका घराच्या मातीच्या जमिनीत मुरलेला आहे. ओलाव्याने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला अजूनही खात्री वाटत नाही. पण मला जे ठाऊक आहे ते त्या घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

मुरण्याआधी मी पाणी होतो. भुजंगची बायको मनकर्णा गरोदर होती, आणि तिच्या पोटातल्या बाळाभोवती मी होतो. सुरुवातीला मी तिच्याच अंगातून झिरपलो. पुढे पोटातले बाळ हे पाणी पिते, लघवी करते, आणि त्या लघवीनेच त्याच्याभोवतीचे पाणी वाढत जाते. हसू नका. तुम्ही सगळे याच पाण्यातून आला आहात. मीही वाट पाहत होतो. पण माझ्या बाळाकडून परत काही आले नाही. त्याची मूत्रपिंडे तयारच झाली नव्हती. मी दिवसेंदिवस आटू लागलो.

सातव्या महिन्यात कडूबाई सुईणीने पोटावर हात फिरवला. "पोराचं ढोपर हाताला लागायलंय. पानी लय कमी हाय."

"पीतच न्हाई तर असंल कुठून?" मनकर्णेची सासू दगडाबाई म्हणाली. "सारा जीव भाकरीत!"

"तिला बोल लावू नका, माय. हे पानी कुठून येतंय ते मला बी ठावं न्हाई."

पण दगडाबाईचे ठरले होते. "सा वर्सं झाली लग्नाला. हे लेकरू हाताला लागलं न्हाई, तर जा सोनपेठला, माहेरी. मी भुजंगला दुसरी करते."

त्या दिवसापासून मनकर्णा पाणी पीतच राहिली. एक तांब्या संपला की रांजणामागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. भुजंग आईपुढे तोंड उघडत नसे, पण घागरी तोच भरून आणी.

"अजून किती पिऊ?" ती त्याला म्हणे. "म्हशीला बी लाज वाटंल."

दोघे हळूच हसत. मी आत ऐकत असे. ती इतके प्यायची, पण मी काही वाढत नव्हतो. बाई, पुरे कर, तुझ्याकडून काही राहिलेले नाही, असे तिला सांगावेसे वाटे. पाण्याला कुठला आवाज?

एका दुपारी मी सांडलो, जेमतेम ओंजळभर. मुलगा झाला. त्याने चार-पाच वेळा छाती हलवली. माझ्यावाचून त्याची फुफ्फुसे वाढलीच नव्हती. कडूबाईने त्याची पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि मग त्याला तोंडासकट फडक्यात गुंडाळले.

दगडाबाईने जमिनीवरचा डाग पाहिला. "एवढंच पानी!"

"रेघा मोजा, आत्याबाई," मनकर्णा पडल्या पडल्या म्हणाली. "एक बी खोटी न्हाई."

"रेघा काय, कुनी बी ओढंल."

सव्वा महिन्याने गाडी सोनपेठच्या वाटेला लागली. भुजंगच हाकत होता.

पुढच्या वर्षी भुजंगची दुसरी बायको बानूबाई आली. तिने रेघांच्या त्या भिंतीला पांढरी माती दिली. ती दिवसात दोन तांबेसुद्धा पीत नव्हती. तरी ती बाळंत झाली तेव्हा माझ्यावर भरपूर पाणी सांडले, आणि मुलगी खणखणीत रडली.

"बघा," दगडाबाई शेजारणींना म्हणाली, "पानी पिनारी सून अशी असती!"

भुजंग उठून बाहेर गेला.

मित्रांनो, गरोदर बाईला तहान लागली तर पाणी जरूर द्या. पण तिच्या पोटातले पाणी कमी पडले, तर तिला जाब विचारू नका. तुमच्यापैकी कुणी सोनपेठच्या बाजाराला गेले, तर मनकर्णेचे घर विचारा. तिला सांगा, बाळच आजारी होते. आणि हेही सांगा, की रांजणामागची पांढरी माती आता सुटू लागली आहे. भुजंग पाणी प्यायला येतो आणि भरला तांब्या तसाच खाली ठेवतो. मग भिंतीला बोट लावून रेघा मोजत राहतो.